गुंजी माशी आणि बादलीखालचं फूल

एक होती मधमाशी. इवलीशी, तिळाएवढी! तिला नांगीसुद्धा नव्हती. नाव तिचं गुंजी.

परसात होता भोपळ्याचा वेल. वेलावर उमललं एक बाबाफूल. वेलावर उमललं एक आईफूल. बाबाफुलात होती पिवळी पिवळी पूड. त्या पुडीचं नाव पराग. आईफुलाखाली होता हिरवा हिरवा भोपळा. केवढा? बोराएवढा!

आईफूल म्हणालं, "गुंजी गं गुंजी, बाबाफुलातला पराग आण. पराग मिळाला, तर माझा भोपळा वाढेल. नाही मिळाला, तर गळून पडेल. तुला मी मध देईन, पोटभर! पण लवकर ये हं. ऊन तापलं की मी मिटणार."

गुंजी गेली बाबाफुलात. पराग लागला पायांना. पराग लागला पोटाला. पराग लागला मिशांना. निघाली गुंजी, गुं गुं गुं!

वाटेत होती ढमी म्हैस. ढमीला आली शिंक.

"आ... आ... आ... फुर्रर्र!"

गुंजी उडाली तिकडे. पराग उडाला चहूकडे. पाय कोरडे, पोट कोरडं. मिशासुद्धा कोऱ्या! गुंजीला रडूच आलं.

गेली परत बाबाफुलाकडे. बघते तर काय! घरच्या ठकूआत्यांनी धुणं धुतलं होतं. धुणं धुऊन बादली पालथी घातली होती. कुठे? बरोब्बर बाबाफुलावर!

"बाबाफुला, बाबाफुला, पराग दे ना!"

आतून आवाज आला, "कोण आहे? रात्र झाली. उद्या या."

"रात्र नाही रे, बादली आहे!"

"असं होय! मग बादली उडव. पराग देतो."

गुंजी बसली बादलीवर.

"बादलीबाई, उडा ना!
बादली उडेल, पराग मिळेल,
पराग मिळेल, भोपळा वाढेल!"

बादली म्हणाली, "छे बाई! मी आता बादली नाही. मी वेलाची टोपी आहे. टोपी कधी आपणहून उडते का? म्हशीनं लाथ मारली, तर उडेन."

आईफूल मिटलं थोडंसं.

गुंजी गेली म्हशीकडे, गुं गुं गुं!

"ढमीताई, लाथ मार ना!
लाथ बसेल, बादली उडेल,
बादली उडेल, पराग मिळेल,
पराग मिळेल, भोपळा वाढेल!"

ढमी म्हणाली, "लाथ आहे मागे. तोंड आहे पुढे. तोंडाला सांगून लाथेला कसं कळणार? लाथेचं बटण शेपटीत आहे. कावळ्यानं शेपूट ओढली, तर मारीन."

आईफूल मिटलं आणखी थोडं.

गुंजी गेली कावळ्याकडे, गुं गुं गुं!

"कावळेदादा, शेपूट ओढ ना!
शेपूट हलेल, लाथ बसेल,
लाथ बसेल, बादली उडेल,
बादली उडेल, पराग मिळेल,
पराग मिळेल, भोपळा वाढेल!"

कावळा म्हणाला, "काव! उपाशी चोचीनं शेपूट ओढली, तर चुकून खाईन. मग म्हैस बिनशेपटीची! ठकूआत्यांनी भाकरी दिली, तर ओढीन."

आईफूल मिटलं अर्धं.

गुंजी गेली ठकूआत्यांकडे, गुं गुं गुं!

"ठकूआत्या, भाकरी द्या ना!
भाकरी मिळेल, शेपूट हलेल,
शेपूट हलेल, लाथ बसेल,
लाथ बसेल, बादली उडेल,
बादली उडेल, पराग मिळेल,
पराग मिळेल, भोपळा वाढेल!"

ठकूआत्या म्हणाल्या, "अगं गुंजे, हे बाळ बघ! सकाळपासून भोकाड पसरलंय. एक हात बाळाला. दुसरा हात बाळाला. भाकरीला तिसरा हात कुठून आणू? बाळ हसलं, तर देईन."

आईफूल मिटत आलं. उरली एवढीशी फट!

गुंजी गेली बाळाकडे, गुं गुं गुं!

"बाळोबा, हस ना!
बाळ हसेल, भाकरी मिळेल,
भाकरी मिळेल, शेपूट हलेल,
शेपूट हलेल, लाथ बसेल,
लाथ बसेल, बादली उडेल,
बादली उडेल, पराग मिळेल,
पराग मिळेल, भोपळा वाढेल!"

बाळ म्हणालं, "ट्यांहां!"

गुंजी म्हणाली, "बाळोबा, हस ना!"

बाळ म्हणालं, "ट्यांहां ट्यांहां!"

आता हो काय करायचं? बाळाला ना टोपी कळे, ना शेपूट कळे. बोलून काही उपयोग नाही. गुंजी उडाली. हळूच बसली बाळाच्या नाकावर. केसाळ पायांनी चालली नाकावरून. तुरू तुरू, तुरू तुरू. नाकाच्या शेंड्यावर गोल फिरली. गुदगुल्या! गुदगुल्या!

बाळानं डोळे तिरळे केले. बाळानं नाक उडवलं.

"खुदुक!"

आणि मग...

बाळ हसलं, खुदुखुदु!
आत्यांनी भाकरी टाकली, टप्प!
कावळ्यानं ती खाल्ली, गट्टम!
कावळ्यानं शेपूट ओढली, खस्स!
म्हशीनं लाथ मारली, धाड!
बादली उडाली, ठण ठण ठणाण!

बाबाफूल म्हणालं, "अरेच्चा! सकाळ झाली!"

गुंजी शिरली बाबाफुलात. लोळली, लोळली, लोळली. पाय पिवळे, पोट पिवळं, मिशा पिवळ्या! निघाली गुं गुं गुं. ढमीला पुन्हा शिंक येत होती. "आ... आ..." गुंजीनं केला लांबचा वळसा. "फुर्रर्र!" शिंक गेली वाया!

आईफुलाची फट उरली होती चिमूटभर. गुंजीनं डोकं घातलं. पोट अडकलं. पाय झाडले, टुक टुक टुक. सुळकन आत!

पराग लागला आईफुलाला. आईफूल म्हणालं, "आला गं बाई, आला!" आणि टप्पकन मिटलं. गुंजी आतच! बाहेर ऊन, आत गार गार सावली. गुंजीनं मध प्यायला, चुटूक चुटूक. पोटभर प्यायला. मग हळूच पाकळ्यांतून वाट काढून आली बाहेर.

भोपळा काही गळला नाही. बोराएवढा होता, तो झाला लिंबाएवढा. लिंबाएवढा होता, तो झाला नारळाएवढा. नारळाएवढा होता, तो झाला ठकूआत्यांच्या हंड्याएवढा!

सगळे जमले बघायला.

बादली म्हणाली, "मी उडाले, म्हणून भोपळा झाला."
म्हैस म्हणाली, "माझ्या लाथेनं झाला."
कावळा म्हणाला, "माझ्या चोचीनं झाला."
ठकूआत्या म्हणाल्या, "माझ्या भाकरीनं झाला."
बाळ म्हणालं, "ट्यांहां!"

"गुंजे, तू सांग गं, कुणामुळे झाला?"

गुंजी होती दुसऱ्या आईफुलात. पाय पिवळे, पोट पिवळं. बोलणार कशी? तोंडात मध होता.

गोष्ट पिकली, देठापासून सुटली, ऐकणाऱ्याच्या मांडीत पडली. धप्प!