दिवातेचे माहेर

एकदा एका कोशकार गुरुजींचा शिष्य त्यांच्यासोबत फिलिपिन्सच्या बेटांवर गेला. काम एकाच शब्दाचे होते : दिवाता. तिथल्या कितीतरी भाषांत तो नांदतो. शिष्याने निघण्यापूर्वीच कोशासाठी चिठ्ठी लिहून खिशात ठेवली होती : ‘मूळ : संस्कृत, देवता. अर्थ : देवता.’ प्रवास केवळ खात्रीसाठी होता. पण एका बेटावर लोक म्हणाले, दिवाता झाडात राहते. दुसऱ्या बेटावर ती वैदूच्या हाकेला धावून येत होती. शहरात तर एका देखण्या मुलीलाच कोणी दिवाता म्हणाले. शिष्याने तिन्ही अर्थांपुढे ‘अपभ्रष्ट’ असा शेरा मारला.

शेवटच्या गावी लोला मिलिंग, म्हणजे मिलिंग आजी, राहत. दिवातेचे जुने गाणे आता त्यांना एकट्यांनाच येत होते आणि शिष्याचा प्रबंध त्या गाण्यापाशी अडला होता. परतीची होडी दुपारी सुटणार होती.

“आजी, हा शब्द मूळचा आमच्याकडचा,” शिष्याने तिथल्या भाषेत ऐकवले.

“असेल बाबा,” आजी म्हणाल्या. “मग घर सोडून इतक्या लांब का आला? जेवायला घालत नव्हतात?”

शिष्य फणकाऱ्याने उठला आणि अंगणातल्या वडासारख्या झाडामागे लघुशंकेला निघाला. अशा वेळी आधी झाडातल्या दिवातेची परवानगी मागायची, ही तिथली रीत. आजींनी ती ओरडून सांगितलीही.

“देवता देवळात असते,” झाडामागून उत्तर आले. “व्युत्पत्ती तेच सांगते!”

तो परतला तेव्हा आजी पाठ फिरवून बसल्या होत्या. गाणे मिळणार नव्हते.

गुरुजींनी चपला काढल्या, झाडापुढे हात जोडले आणि चक्क मराठीत म्हणाले, “पोरगं आमचं आहे. फार शिकलंय. सांभाळून घ्या.”

“गुरुजी, इथल्या झाडाला मराठी कळणार?”

“मूळची आपलीच ना ती? मग कळायला हवं.” गुरुजी वळले. “अरे, लेक सासरी नांदायला लागून शतकं लोटली. आता तिच्या स्वयंपाकघरात शिरून ‘आमच्याकडे असं नसतं’ म्हणणाऱ्या बापाला पाणीसुद्धा कोणी विचारत नाही. माहेर तू शोधलंस, उत्तम. पण ती नांदते कशी, ते शेजारपाजाऱ्यांना विचारावं लागतं.”

शिष्य मुकाट झाडापाशी गेला. काय म्हणायचे ते ठाऊक नसल्याने त्याला आजींनाच विचारावे लागले. आजींनी ते शब्द त्याच्याकडून तीनदा वदवून घेतले. पहिले दोन प्रयत्न अपभ्रष्ट निघाले. मग त्या गायला बसल्या.

होडीत शिष्याने चिठ्ठी काढली. मूळ तसेच राहू दिले. अर्थ मात्र खोडून लिहिला : ‘जिला आधी विचारावे लागते, ती.’