टकऱ्याने हलवलेलं बेट

फार मागे, समुद्रातल्या एका बेटावर टकऱ्या नावाचा बोकड राहत होता. एका सकाळी त्याने सवयीने कातळाला धडक दिली आणि नेमकी तेव्हाच धरणी हादरली. घरटी कोसळली, दरडी खाली आल्या. घाबरलेले प्राणी धावत आले. टकऱ्याही लटपटत होता, पण ससा म्हणाला, "टकऱ्यादादा, एवढ्या जोरात मारायची काय गरज होती?"

टकऱ्याचे पाय लटपटायचे थांबले. "आज तशी हळूच मारली," तो म्हणाला.

तेव्हापासून कोवळा पाला आधी त्याच्यापुढे येऊ लागला. त्याने नुसती शिंगं खाजवली, तरी माकडं फांद्या घट्ट धरायची.

पण भूकंपात घसरलेल्या एका शिळेने बेटावरचा एकुलता एक झरा बुजवला होता. तिसऱ्या दिवशी डबकीही आटली, तेव्हा सगळे टकऱ्याकडे आले. "तू अख्खं बेट हलवलंस. ही शिळा काय चीज आहे?"

टकऱ्याने तीन धडका दिल्या. शिळा हलली नाही, त्याला मात्र दिवसा तारे दिसले. तहानेने मलूल पडलेली पिल्लं पाहून त्याने मान खाली घातली. "बेट मी हलवलंच नव्हतं."

"ते मला पहिल्याच दिवशी ठाऊक होतं," म्हातारी कासवीण म्हणाली. "पण तुझी शिंगं तर खरी आहेत ना? ती शिळेखाली घाल, आम्ही जोर लावतो."

सगळ्यांनी मिळून रेटलं. शिळा गडगडत गेली आणि पाणी खळाळलं. सर्वांत शेवटी टकऱ्याने तोंड लावलं, इतक्यात जमीन पुन्हा किंचित हादरली. सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"मी नाही," ओल्या दाढीने टकऱ्या म्हणाला. "मी पाणी पीत होतो."