हळदीखाली झाकलेला गोवर

फार जुनी गोष्ट आहे. ऐका लहानग्यांनो, आणि मोठ्यांनीही ऐका. डोंगराच्या कुशीत काही वाड्यांचं एक गाव होतं. तिथे सगुणा नावाची बाई राहत होती. तिच्या मुलाचं, संभूचं लग्न ठरलं होतं.

हळदीच्या सकाळी संभूचं अंग तापलं. डोळे लाल झाले, खोकला थांबेना. कानामागे तांबडं पुरळ दिसलं आणि सगुणेनं ओळखलं. हा गोवर होता. पण मांडव घातला होता, पाहुणे आले होते.

"आई, मला उभंही राहवत नाही गं."

"गप्प बस. एवढं लग्न उरकू दे," असं म्हणत तिनं त्याच्या कानामागे हळद जरा जास्तच चोळली.

लग्न थाटात झालं. संभू खोकत खोकत पंगतीत फिरला. पाहुण्यांची पोरं त्याच्या मांडीवर खेळली. दोन दिवसांनी त्यानं अंथरूण धरलं, तेव्हा कुठे सगुणेनं त्याला गोवर आल्याचं सांगितलं.

पंधरवडा उलटला आणि घरोघरी पोरं तापली. लोक नव्या सुनेच्या पायगुणाला बोल लावू लागले. सगुणेच्या बहिणीचं, गिरजेचं नुकतंच चालू लागलेलं लेकरूही अंथरुणाला खिळलं.

वैद्यबुवा गिरजेच्या घरी आले. सगुणेनं विचारलं, "संभू तर उठला. त्याच्या उशाशी बसून असलेल्या सुनेला काहीच झालं नाही. मग या लेकराचंच असं का?"

"सुनेला लहानपणी गोवर येऊन गेलाय. तिचं शरीर त्याला ओळखतं, शिरताक्षणी हुसकून लावतं. संभूला ओळख नव्हती, पण ताकद होती. त्याचं शरीर लढता लढता शिकलं. या चिमण्या जिवाकडे दोन्ही नाही. आणि बरी झालेली पोरंही जपा. गोवर जाताना अंगातलं बळ घेऊन जातो, मग दुसरे आजार लवकर गाठतात." वैद्यबुवांनी विचारलं, "पण हा गावात आणला कुणी?"

सगुणेनं मान खाली घालून लेकराच्या कपाळावरची ओली पट्टी बदलली.

ते लेकरू वाचलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगुणा चावडीवर उभी राहिली. "सुनेला बोल लावू नका. संभूला हळदीच्या दिवशीच गोवर होता. मला ठाऊक होतं, मी झाकलं."

वैद्यबुवांनी लगेच वाड्यावाड्यांत निरोप धाडले: लग्नाला आलेल्यांनी पोरं घरातच ठेवावीत, ज्यांना गोवर येऊन गेलाय, त्यांनीच आजाऱ्यांची सेवा करावी. पलीकडच्या वाड्या वाचल्या.

गिरजा मात्र पुन्हा कधी बहिणीच्या घरी आली नाही. सगुणेनंही तिला दोष दिला नाही.

म्हणून सांगतो, आजार वेळेवर सांगितला तर त्याची वाट अडवता येते. झाकला तर तो कुणाच्या घरात शिरेल, हे आपल्या हाती राहत नाही.