एका परवान्यावर दोघं

जहाज आठ दिवसांनी सुटणार होतं आणि लग्न तेरा महिने करता येणार नव्हतं. येसूची सगळी अडचण एवढीच होती.

सोनवेळ बंदरात शिडं शिवण्यात येसूचा हात धरणारं कुणी नव्हतं. धाकू गलबतं बांधायचा. समुद्रापार लवंगबेटावर गलबतांचा मोठा कारखाना उभा राहत होता आणि तिथून दोघांनाही बोलावणं आलं होतं. दोघांचं लग्न ठरलेलं, सुपारी फुटलेली. पण सिंहस्थ लागला आणि भटजींनी हात जोडले. हे जहाज चुकलं असतं तर पुढचं वर्षभराने, आणि तोवर तिकडचं काम दुसऱ्या कुणाच्या हाती गेलं असतं.

परवान्याच्या कचेरीत गंगोपंत चिटणीस बसत. त्यांनी नियम वाचून दाखवला. बाईमाणसाला परवाना मिळायचा तो बापाबरोबर, नाहीतर नवऱ्याबरोबर. येसूचे वडील वारले होते. धाकूकडे बोट करून पंतांनी विचारलं, हा तुझा कोण? व्हायचा नवरा, येसू म्हणाली. पंतांनी अर्जावर तसा रकाना आहे का ते खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि अर्ज परत केला.

मग येसू धाकूला घेऊन थेट दरबारात गेली.

राजा रत्नधवल मनाने वाईट नव्हता, पण एकदा नाही म्हणाला की सूर्य पश्चिमेला उगवला तरी हो म्हणायचा नाही. नियम त्याचाच होता, आणि त्याला कारणही होतं. मागच्या साली काही लफंग्यांनी लग्न ठरल्याची बतावणी करून मुली पलीकडे नेल्या आणि तिथं वाऱ्यावर सोडल्या. राजाने ते येसूला सांगितलं. येसूला त्याचा राग आला नाही, पण आपला पायही तिने मागे घेतला नाही. आमचं खरं आहे, एवढंच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली.

"खरं आहे ना? मग परीक्षा द्या," राजा म्हणाला. "दोघांना वेगवेगळं बसवून तेच तीन प्रश्न विचारू. तिन्ही उत्तरं शब्दाला शब्द जुळली, तर दोघं एका परवान्यावर जाल. एक जरी चुकलं, तरी दोघंही घरी."

धाकूचा चेहरा उतरला. काहीतरी आधी ठरवून घेऊ, असं तो कुजबुजला. प्रश्नच माहीत नाहीत तर ठरवायचं काय, येसू म्हणाली. जे असेल ते सांग.

धाकूला सदरेवर ठेवलं, येसूला मागच्या ओसरीत नेलं. थोड्या वेळाने दोघांना समोर उभं करून पंतांनी कागद वाचला.

लग्नाचा विषय आधी कुणी काढला? धाकू म्हणाला होता, मी. येसू म्हणाली होती, मी.

शेवटचं भांडण कशावरून झालं? धाकूचं उत्तर, आम्ही भांडत नाही. येसूचं उत्तर, कालच झालं, शिडाच्या उंचीवरून, आणि चूक त्याची होती.

दोघांत मिळून एकच वस्तू नेता आली तर कोणती न्याल? येसूने सांगितलं होतं, त्याचा लाकूड तासायचा वाकस. त्याच्याशिवाय तो लाकडाला हात लावत नाही. धाकूने सांगितलं होतं, तिचा दाभणांचा डबा.

येसूने वळून धाकूकडे पाहिलं. हा माणूस आपल्यासाठी वाकस मागे ठेवील, हे तिला आजवर माहीत नव्हतं. तेवढ्यात पंत म्हणाले, तीनपैकी एकही जुळलं नाही, आणि अर्ज उचलून बाजूला ठेवू लागले.

"थांबा," येसू म्हणाली. "महाराज, हेच तीन प्रश्न आपल्याला आणि राणीसाहेबांना विचारावेत. एक जरी उत्तर जुळलं, तरी तो अर्ज मी माझ्या हाताने फाडते."

राजा खुशीत होता. तीस वर्षांचा संसार, तिन्ही जुळणार म्हणाला. त्याने आपली उत्तरं लिहून दिली आणि पंतांना राणीवशात पाठवलं.

पंत परतले ते खाली मान घालून. त्यांच्या मागोमाग राणीसाहेब स्वतःच आल्या आणि त्यांनी दोन्ही कागद मोठ्याने वाचले. लग्नाचा विषय आपण काढला, असं राजाने लिहिलं होतं. राणीसाहेबांनी म्हणे स्वतःच वडिलांकडे हट्ट धरला होता, आणि ते राजाला आज कळत होतं. आपण कधीच भांडत नाही, असं राजाचं म्हणणं. भांडण आज सकाळी न्याहारीला झालं होतं, हा परवान्याचा नियम बदला म्हणून! प्रवासाला राजा नेणार होता तलवार. राणीसाहेब नेणार होत्या राजाच्या पोटाचं चूर्ण.

राजा ओशाळला, पण हटला नाही. "म्हणजे परीक्षा खोटी ठरली. तुम्ही खरे कसे ठरलात?"

"महाराज, फसवणारे जुळणारी उत्तरं पाठ करून येतात," येसू म्हणाली. "न जुळणारी कोण पाठ करील? आणि कोण कुणाचं आहे, ते तिसऱ्या उत्तरात लिहिलंय. मी त्याचं सामान वाचवलं, त्याने माझं. राणीसाहेबांनी आपलं पोट वाचवलं."

"आणि ह्यांनी तलवार," राणीसाहेब म्हणाल्या.

राजा आधी गालात हसला, मग पोट धरधरून हसला. सिंहासनाला टेकून त्याने डोळे पुसले आणि शिक्का मागवला. एकाच परवान्यावर दोघांची नावं पडली. वाकस आणि दाभणंच नव्हे, तर दोघांची सगळी हत्यारं मावतील असा जहाजाचा एक आख्खा कप्पा त्याने देऊ केला. राणीसाहेबांनी येसूच्या हातात हिरवा शालू ठेवला. सिंहस्थ सुटला की तिकडे नेसायला.

हसू काही राजाला आवरेना, त्यामुळे शिक्का जरा वाकडाच उमटला. पण उमटला.