धृतीच्या मागची पावलं

राजे अजून पायी फिरत, त्या फार जुन्या काळची ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, मोठ्यांनीही ऐकावी.

एका डोंगरावर विद्यापीठ होतं. तिथं शास्त्रं शिकवत, तसं धावणंही शिकवत. दरवर्षी पलीकडच्या डोंगरावरच्या विद्यापीठाशी त्यांची शर्यत लागे. दोन्हीकडच्या पाच-पाच जणी पहाटे वेगवेगळ्या वाटांनी रानात शिरत. रानापलीकडच्या देवळातली घंटा जी आधी वाजवी, तिचं विद्यापीठ जिंके.

धृती दोन वर्षं पाचजणींच्या संघाची नायिका होती, आणि दोन्ही वर्षं हरली होती. यंदा काही झालं तरी हरायचं नाही, असं तिनं मनाशी पक्कं केलं होतं.

रानात धुकं दाटलं होतं. चढावर कपिलाचा पाय मुरगळला. ती सगळ्यांत धाकटी.

"ताई, थोडं थांबतेस?"

"तू मागून ये," धृती म्हणाली आणि तिनं वेग वाढवला.

मग दुसरीला धाप लागली, मग तिसरीला. धृतीचं उत्तर तेच. चौथीनं तर विचारलंच नाही. नुसतीच मागे पडत गेली.

नवल असं, की मागून पावलं वाजतच होती. चौघींची. एका लयीत, न थकता. आल्या म्हणायच्या सगळ्या, असं वाटून धृतीला हायसं वाटलं.

रान संपता संपता ओढा लागला. पलीकडे देऊळ होतं, घंटा होती, दुसऱ्या विद्यापीठाचं कुणीच नव्हतं. ओढा ओलांडून धृतीनं मागे वळून पाहिलं. मागच्या काठावरच्या ओल्या वाळूत तिच्या एकटीच्याच पाऊलखुणा होत्या. पावलांचा आवाज मात्र पाण्यापाशी येऊन थांबला.

"आता कुणाला सोडायचं?" धुक्यातून कुणीतरी विचारलं. आवाज धृतीचाच होता.

घंटा वीस पावलांवर होती. तिनं घंटेकडे एकदा पाहिलं, आणि ती परत धुक्यात शिरली.

चौघी वाटेवर दूर दूर, झाडांना टेकून, डोळे गच्च मिटून बसल्या होत्या. धृतीच्या हाकेला एकीनंही ओ दिली नाही. तिनं कपिलाचा हात हातात घेतला, तेव्हा कुठं कपिलानं डोळे उघडले.

"हात गरम आहे. म्हणजे तूच आहेस," कपिला कुजबुजली. "मघापासून तुझ्याच आवाजात कुणीतरी बोलावतंय, ताई. दरीकडे."

कपिलाला पाठीवर घेऊन, बाकीच्यांचे हात एकमेकींच्या हातांत देऊन धृती चालू लागली. पाचही जणी रानात असतानाच घंटा वाजली. दुसऱ्यांनी वाजवली होती.

धृतीनं आचार्यांना सगळं सांगितलं, काही लपवलं नाही. पुढच्या वर्षी नायिका कोण, असं आचार्यांनी विचारलं. धृतीच म्हणाली, "कपिला."

त्यानंतर धृती नेहमी सगळ्यांच्या शेवटी धावली, जी दमेल तिच्यासोबत. विद्यापीठ दोनदा हरलं. तिसऱ्या वर्षी कपिलानं घंटा वाजवली, तेव्हा पाचही जणी देवळात होत्या.

मागच्यांना सोडून जो एकटाच पुढे पळतो, तो कुणाचाच नायक उरत नाही.