गुंडाळलेल्या वाटा आणि धोंडाईचे जोडे

एका राज्यात एके सकाळी वाटा नाहीशा झाल्या.

आदल्या दिवसापर्यंत होत्या. गाड्यांच्या चाकोऱ्या होत्या, घाटातली फरसबंदी होती, गुरं पाण्यावर न्यायची पायवाट होती. मग धूम्रगडाच्या शिखरावरून वाटगिळ्या मांत्रिक उतरला. त्याने एकेक वाट चटईसारखी गुंडाळली, खांद्यावर टाकली आणि वर नेऊन आपल्या गुहेत रचली. खाली उरली नुसती गावं, आणि गावागावांमध्ये झाडी, दगड नि गवत. जो वेशीबाहेर पडे तो दुपारपर्यंत चाले आणि पुन्हा आपल्याच वेशीत येऊन उभा राही. वऱ्हाड नवरीच्या गावी पोचेना. खाडीवरचं मीठ बाजाराला येईना. औषध वैद्याच्या घरी राहिलं, दुखणं रोग्याच्या घरी राहिलं.

राजधानीत धोंडाई नावाची सुईण राहत असे. वय पन्नाशीचं, बांधा काटक, बोलणं मोजकं. तीस वर्षं तिने डोंगर तुडवून खेडोपाडी बाळंतपणं केली होती. तिची एकुलती लेक केवडा दोन डोंगरांपलीकडे, पळसखोऱ्यात दिली होती. केवडाला आठवा महिना सरत आला होता, आणि पोर पोटात आडवं होतं. हे धोंडाईने मागल्या खेपेला स्वतःच्या हाताने चाचपून पाहिलं होतं. ते कसं फिरवायचं, हे त्या खोऱ्यात दुसऱ्या कोणाला ठाऊक नव्हतं.

धोंडाई पाच वेळा वेशीबाहेर पडली आणि पाच वेळा वेशीत परत आली. पाचव्या खेपेला वेशीच्या बुरुजावर एक टिटवी बसली होती. ती माणसाच्या वाणीने बोलली.

"बाई, तू वाट शोधतेस म्हणून परत येतेस."

"मग काय करू?"

"धूम्रगडाकडे तोंड कर आणि नाकासमोर चाल. काटा आला तर काट्यातून, पाणी आलं तर पाण्यातून, खडी आली तर खडीवरून. जो न वळता मांत्रिकाच्या गुहेपर्यंत पोचेल त्याला वाटा परत, ही त्याची शर्त; जो वळसा घेईल तो त्याच क्षणी वेशीत येऊन पडेल. राजाचे सात वीर गेले. पाय सोलले, तसे वळले."

"म्हणजे सगळं पायांवर आहे."

"पायांवर, आणि पायांत काय घालशील त्यावर," टिटवी म्हणाली आणि उडून गेली.

धोंडाई तडक राजा सुबाहूच्या दरबारात गेली. राजाने तिचं म्हणणं ऐकलं, सिंहासनावरून उठला आणि खजिन्याची दारं उघडवली.

"सुईणबाई, पूर्वजांचे तीन जोडे इथे आहेत. हवा तो घ्या. राज्य तुमच्या पावलांवर आहे."

पहिला जोडा जरीचा होता, टोकाला मोत्यांचा तुरा. धोंडाईने पाय घातला. बोटं एकमेकांवर चढली. तिने तो बाजूला ठेवला. दुसरा मगरीच्या कातड्याचा. भाला लागला तरी ओरखडा उठणार नाही असा. तिने तो दोन्ही हातांनी वाकवून पाहिला. तळ पाटासारखा ताठ राहिला. घालून चार पावलं टाकली, तर दर पावलाला टाच वर उचलली जाई.

"दहा कोसांत टाचेचं मांस निघेल," ती म्हणाली.

तिसरा जोडा साधा दिसे, पण खजिनदाराने त्याला हात लावला नाही. "हे कोसपावली जोडे. एका पावलात एक कोस. कोणाच्याही पायाला बसतात. घालणारे पुष्कळ झाले. परत आले ते नुसते जोडे; माणूस कोणी नाही, कारण ते जिवंत पायातून निघत नाहीत."

धोंडाईने आत हात घातला. आतून जोडा कोमट होता, ओलसर होता, आणि तिच्या बोटांभोवती हळूच आवळत होता. तिने हात काढून घेतला.

"महाराज, हे जोडे पायाला बसत नाहीत, पाय गिळतात. याला कुलूप घाला. माझे मी शिवून घेईन."

दरबारी हसले. राजा हसला नाही.

नगराच्या टोकाला बाळोजी चर्मकार राहत असे. कातडं कापायची रापी चालवून त्याची बोटं वाकडी झाली होती, पण नजर शाबूत होती. धोंडाई सकाळी गेली, तर त्याने तिला पायरीवरच थांबवलं.

"आत्ता नको. दिवसभर आपलं काम कर आणि दिवेलागणीच्या आधी ये. सकाळचा पाय आणि दिवसभर राबलेला पाय, दोन निराळे पाय असतात. जोडा राबलेल्या पायाला मापायचा."

सायंकाळी ती आली, तेव्हा त्याने तिला जाड लोकरी मोजे घालायला लावले आणि दोन्ही पावलं जमिनीवर ठेवून कोळशाने आखली.

"उजव्याहून डावा जवभर लांब आहे तुझा."

"तीस वर्षं चालतेय, मला कधी कळलं नाही."

"तुला नाही कळलं. तुझ्या अंगठ्याला कळलं असेल." त्याने डावा मोजा काढून तिच्या काळ्या पडलेल्या नखाकडे बोट दाखवलं. "मोठ्या पायाचं माप धरायचं. पुढे अंगठाभर जागा ठेवायची, म्हणजे उतारावर बोटं आपटणार नाहीत. टाच मात्र घट्ट. आणि कातडं घोट्याच्या वर चढलं पाहिजे."

मग त्याने कातडी समोर मांडली. एक मऊ होतं, हाताला लोण्यासारखं लागे. धोंडाईचा हात त्यावर रेंगाळला.

"ते जनावराच्या पोटाचं," बाळोजी म्हणाला. "आज गोड लागेल, महिन्यात पिशवी होईल. हे बघ, पाठीचं. बाभळीच्या सालीत वर्षभर मुरलंय. दुमडून बघ. सुरकुती पडते आणि जाते, भेग पडत नाही. तळ तीन थरांचा घालतो. चिकटवणार नाही, मेणाच्या दोऱ्याने शिवणार. चिकटवलेलं एकदा सुटलं की सुटलं. शिवलेलं उसवलं तर पुन्हा शिवता येतं."

तीन दिवसांत जोडे तयार झाले. धोंडाईने पायांत घातले, वाद्या आवळल्या आणि दाराकडे निघाली. बाळोजी आडवा आला.

"कुठे?"

"धूम्रगडावर."

"कोऱ्या कातड्यावर? सात दिवस घरात, अंगणात, विहिरीवर हेच घालून वावर. रोज करंजाचं तेल चोळ. जोड्याला तुझा पाय कळू दे."

"दादा, माझ्या लेकीचे दिवस भरत आलेत! सात दिवस?"

"आज निघालीस तर दुपारी वळशील. सात दिवसांनी निघालीस तर पोचशील. काय ते तू ठरव."

धोंडाईला रडू कोसळलं. तिने डोळे पदराने पुसले आणि घरी गेली. सात दिवस तिने जोडे घालून दळलं, कांडलं, पाणी शेंदलं. पहिल्या दिवशी कातडं कुरकुरलं. तिसऱ्या दिवशी टाचेला चटका बसला. तिथे तिने तेल जास्त चोळलं. शेजारणी म्हणाल्या, "लेक तिकडे मरणाच्या दारात, आणि ही जोडे मिरवतेय." धोंडाई ऐकून घेई आणि आणखी एक घागर भरून आणी. सातव्या दिवशी तिला पायात जोडे आहेत याची आठवणच राहिली नाही. तशी ती उठली, बाळोजीकडून कातडं शिवायची आरी आणि मेणाचा दोरा मागून घेतला, आणि वेशीबाहेर पडली.

पहिलं लागलं बोरी-बाभळींचं रान. काटे बोटाएवढे, जमिनीवर त्यांचा थर. ती सरळ त्यात शिरली. लुगडं फाटलं, हात ओरबाडले. तीन थरांच्या तळाला काटे टोचले आणि मोडले. दिवस कासराभर वर येईतो रान मागे पडलं.

दुसरी लागली नदी. धोंडे शेवाळाने हिरवे, पाणी गुडघ्याच्या वर, धार अशी की म्हैस वाहून जावी. वरच्या अंगाला, हाकेच्या अंतरावर, उथळ उतार दिसत होता. धोंडाईने तिकडे पाहिलं आणि मान फिरवली. मधोमध तिचा पाय धोंड्यावरून निसटला, घोटा आडवा झाला. एरवी मोडलाच असता. वर चढलेल्या कातड्याने त्याला धरून ठेवलं. ती पलीकडे निघाली, जोड्यांतलं पाणी ओतलं, मोजे पिळून घातले आणि पुढे झाली.

तिसरा लागला धूम्रगडाचा उतार. सगळी सुटी खडी, उन्हाने तापलेली. दोन पावलं चढावं, एक पाऊल घसरावं. डाव्या अंगाला गवताची थंडगार पट्टी वर जात होती, आणि तिच्यातून केवडाचा आवाज आला.

"आई, इकडून ये. इकडून जवळ आहे."

धोंडाई थबकली. पण तिला उमगलं, की कळा सोसणारी पोर असं गोड बोलत नसते. ती सरळ चढली. अर्ध्या उतारावर डाव्या जोड्याची शिवण टोकाशी उसवली आणि आत खडे शिरले. तेव्हा ती होती तिथेच बसली. बसणं म्हणजे वळणं नव्हे. आरी काढली, दोरा ओवला आणि तीस वर्षं नाळ बांधणाऱ्या हातांनी बारा टाके घातले. मग उठली आणि शिखरावर पोचली.

गुहेत वाटांची रास लागली होती, आणि राशीवर वाटगिळ्या बसला होता. राज्यात जे जे पाऊल कधी पडलं त्याचं बळ त्या वाटांत होतं, आणि त्या बळाने तो ताडाएवढा झाला होता. त्याने धोंडाईला पाहिलं आणि तो गडबडला नाही.

"तू न वळता आलीस. शर्त पुरी झाली. वाटा तुझ्या. पण दमली असशील. बैस. जोडे काढ, या थंड पाण्यात पाय सोड, मग जा."

समोर चांदीचं घंगाळ होतं, पाण्यात सुगंधी वाळा होता. धोंडाईचे पाय ठणकत होते. टाचेपासून गुडघ्यापर्यंत तिला त्या पाण्याची ओढ लागली. पण सुजलेला पाय एकदा बाहेर आला की पुन्हा आत जात नाही, हे चालणाऱ्या माणसाला सांगावं लागत नाही.

"पाय लेकीच्या दारात धुईन," ती म्हणाली. ती खाली वाकली आणि उतारावर बोटं पुढे सरकू नयेत म्हणून घोट्यापाशी वाद्या आणखी आवळल्या. मग पळसखोऱ्याची वाट हुडकली. ती तिने वळणांवरून ओळखली. तिचं टोक पायाखाली धरलं आणि गुंडाळीला लाथ मारली.

वाट धडधडत उतारावरून उलगडत गेली. ती हलताच रास ढासळली आणि बाकीच्या वाटाही सुटल्या: घाटाची, खाडीची, बाजाराची, पाणवठ्याची. एकेक वाट बसणाऱ्याच्या खालून निघाली, तसतसा वाटगिळ्या खाली आला आणि लहान झाला. शेवटची पायवाट निघून गेली तेव्हा भुईवर एक किडकिडा म्हातारा बसला होता. त्याला आपल्या पायांवर उभंही राहता येईना. धोंडाईने त्याच्याकडे एकदा पाहिलं. त्याला उचलायला राजाचे लोक येतील, हे तिला ठाऊक होतं. ती उतरू लागली.

ऊन उतरायच्या आत ती पळसखोऱ्यात पोचली. केवडा दोन दिवस कळा देत होती, ओठ पांढरे पडले होते. जावयाने पाण्याची घागर पुढे केली. धोंडाईने उंबऱ्याबाहेर जोडे काढले, हातपाय धुतले आणि आत गेली.

"आई, तूच ना?"

"मीच. आता बोलू नकोस. मी सांगेन तेव्हा श्वास सोड."

तिने पोटावर तेल लावलं, दोन्ही हात ठेवले आणि आडवं पोर सावकाश, सावकाश फिरवलं. सूर्य डोंगराला टेकला तेव्हा घरात तान्ह्या मुलीच्या रडण्याचा आवाज झाला, आणि केवडाने लेकीला कुशीत घेतलं.

राज्यात मीठ आलं, वऱ्हाडं पोचली, वैद्य रोग्यांच्या दारी गेले. राजा सुबाहू स्वतः पायी चालत पळसखोऱ्यात आला आणि म्हणाला, "मागा, सुईणबाई."

"महाराज, वाटगिळ्याला खडी फोडायला बसवा आणि घाट दुरुस्त करून घ्या. आणि गावोगावच्या सुइणींना बाळोजीदादाच्या हातचे जोडे द्या. माप सायंकाळी घ्यायचं."

"तसंच होईल," राजा म्हणाला, आणि तसंच झालं.

कहाणी डोंगर चढली, डोंगर उतरली, ऐकणाऱ्यांच्या उंबऱ्याशी येऊन टेकली. सांगणाऱ्याला पाणी द्या, चालणाऱ्याला वाट द्या.