दोन पंचेचाळीसचं निशाण

“मग ती बाई रडत होती का, बुवा?”

जयसिंगनं हे तिसऱ्यांदा विचारलं.

“पाणी पीत व्हती,” बुवा म्हणाले.

“पण रडली असेल ना?”

“तू कशापायी आलायस? ती रडली का न्हाई हे विचाराय?”

जयसिंगनं मान खाली घातली.

बरं झालं, असं मला वाटलं. खोटं कशाला बोलू? आठवडाभर मी या माणसावर भडकलो होतो. मित्र असला म्हणून काय झालं! त्याला मठावर आणलं ते गाडी माझी म्हणून, आणि त्याची स्वतःची चालवायची लायकी उरली नव्हती म्हणून. सकाळी त्याला कुलपात किल्लीसुद्धा घालता येईना.

मठ घाटातल्या वळणावर आहे. दोन खोल्या, एक औदुंबर, दाराशी येणाऱ्याजाणाऱ्यासाठी पाण्याचा रांजण. बुवा ऐंशीच्या घरातले. घाटात डांबरी रस्ता नव्हता तेव्हा ते चैत्रात माणसांना जंगलातून वरच्या देवीला न्यायचे. वाटाड्याचं काम. आता गुडघे दुखतात, रांजण भरतात आणि बसतात.

आम्ही आलो तेव्हा बुवा डोळे बारीक करून बघत होते. जयसिंगचं चष्म्याचं दुकान आहे. तो लगेच म्हणाला, “बुवा, तुम्हाला फुकट चष्मा करून देतो.”

“मला ऐकू येतं,” बुवा म्हणाले.

मागच्या रविवारी आमची शर्यत इथूनच गेली. एकवीस किलोमीटर. अठराव्याला हा मठ, पुढं तीन किलोमीटर उतार, की संपली. मी दहा किलोमीटरवाला, आणि त्यातही शेवटून सहावा, हे आधीच सांगून टाकतो. पण जयसिंग निकम म्हणजे आमच्या गावचा नावाजलेला पळणारा. दुकानात भिंतभर पदकं. गिऱ्हाईक डोळे तपासायला आलं की अक्षरांच्या तक्त्याआधी त्याच्याकडून पदकं वाचून घेतो. एवढा हौशी!

या वर्षी त्याला पेसर केलं होतं. पेसर म्हणजे पाठीवर निशाण बांधून ठरलेल्या चालीनं पळणारा माणूस. याच्या निशाणावर लिहिलं होतं, २:४५. दोन तास पंचेचाळीस मिनिटं. या निशाणाला धरून राहील तो तेवढ्या वेळात पोचणार. तीन तासांनंतर येणाऱ्याला पदक नाही, यादीत नावही नाही. म्हणून नवखी, वयस्क, धास्तावलेली माणसं निशाणामागून पळतात. ती घड्याळ बघत नाहीत, निशाण बघतात.

“काय झालं ते सांग,” बुवा म्हणाले. “घरी सांगितलंस तसं न्हाई. झालं तसं.”

“पंधरा किलोमीटरपर्यंत सगळं बरोबर चाललं होतं. अकरा जण होते मागं. मग आमच्या ग्रुपमधला एक जण शेजारून पुढं गेला. जाता जाता म्हणाला, ‘काय निकम, आज वरातीत का?’”

“मग?”

“मग... मी त्याच्यामागं गेलो.”

“आन् निशाण?”

“निशाण पाठीवरच होतं.”

झालं ते एवढंच. निशाण काढून गटारात टाकलं असतं तरी चाललं असतं. मागच्यांना कळलं असतं की हा गेला, आता आपलं आपण बघायचं. पण दोन पंचेचाळीसचं निशाण अडीच तासांच्या चालीनं घाट चढायला लागलं, आणि त्या अकरा जणांना वाटलं, आपणच मागं पडतोय.

दहा जण कसेबसे पोचले. अकरावी, पिवळ्या टी-शर्टातली एक बाई, जिवाच्या आकांतानं निशाणामागं धावली. मठापर्यंत आली आणि पोटरीला गोळा येऊन दाराशीच बसली. आता संपलं, आपल्याला उशीर झाला, असं धरून बसली. तेव्हा तिच्याकडं चाळीस मिनिटं शिल्लक होती. उरलेलं अंतर भराभर चालत गेली असती तरी पोचली असती!

आणि आमचे निकम तिकडं शेवटच्या कमानीतून दोन तास बत्तीस मिनिटांत हात वर करून आत. फोटोसुद्धा आहे. पाठीवर निशाण फडफडतंय, मागं कुणीच नाही.

दुसऱ्या दिवशी शर्यतीच्या ग्रुपवर त्या बाईचा मेसेज आला. नाव नव्हतं, नुसता जास्वंदीचा फोटो. मला तो मेसेज पाठ झालाय. ‘मी नंबर २११७. निशाणाबरोबर राहणं मला जमलं नाही, सर्वांची माफी मागते. गेल्या वर्षी चार मिनिटांनी राहिले होते. माझ्यात ती ताकद नाही हे आता कळलं. पुन्हा येणार नाही. निकम सरांचे आभार.’

आभार!

शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. आणि आमच्या या शहाण्यानं उत्तरादाखल काय टाकावं? हात जोडल्याचं चित्र. चूक माझी होती, बाई, तुमची नव्हती, एवढे पाच-सहा शब्द लिहायला याची बोटं झडली. मी फोन करून झापला तर म्हणतो, “बापू, मला तोंड दाखवायला जागा नाही रे.” आणि तिच्याकडं जायचं सोडून इकडं मठावर यायचं काढलं.

आता त्यानं पिशवीतून पदक काढलं, घडी करून आणलेलं निशाण काढलं, आणि दोन्ही बुवांच्या पायाशी ठेवलं.

“हे मठातच राहू दे. मी आयुष्यात पुन्हा पळणार नाही.”

“तीबी असंच म्हणाली. आता दोगंबी पळायची न्हाईत,” बुवा म्हणाले. “मिटलं मग?”

जयसिंगचे कान लाल झाले होते. अठ्ठेचाळीस वर्षांचा माणूस, दोन मुलांचा बाप, शाळेत ओणवा उभा केल्यासारखा दिसत होता.

“मला काहीतरी प्रायश्चित्त सांगा, बुवा. उपास सांगा. इथून घरापर्यंत अनवाणी जातो. काहीही सांगा, पण हे मनातून जाऊ दे.”

“नाव काय तिचं?”

“नंबर एकवीसशे सतरा.”

“मी नाव इचारलं.”

“माहीत नाही.”

“अकरा माणसं पाठीशी घेतलीवतीस. दोन तास. एकाचं तरी नाव?”

“नाही, बुवा.”

मलाही तिचं नाव माहीत नव्हतं. आठवडाभर तिच्या बाजूनं भांडत होतो, पण नाव विचारायचं मलाही सुचलं नव्हतं. मी उगाच औदुंबराकडं बघत राहिलो.

बुवा गुडघ्यावर हात देऊन उठले. आत गेले, आणि एक पितळी घंटी घेऊन आले. बोटाएवढी, काळी पडलेली.

“माणसं वर न्यायचो तवा ही काठीला बांधायचो.”

“तुमच्या काठीला?” जयसिंगनं विचारलं.

“सगळ्यात मागच्याच्या.”

“तुमच्या का नाही?”

“मी पुढं. मला मीच कशाला ऐकू याय पायजे?”

बोलता बोलता त्यांनी ती घंटी स्वतःच्या काठीला बांधली. दोऱ्याची गाठ दातानं आवळली.

“चल. वर झरा हाय. तू पुढं, मी मागं. बापू, तू मधी.”

वाट करवंदीच्या जाळ्यांतून चढत होती. जयसिंग पुढं निघाला आणि पायांना सवय तीच... तीस पावलांत आमच्यात बरंच अंतर पडलं. मागून घंटी किणकिणत होती, ती बारीक होत गेली.

जयसिंग वळून बघायला लागला.

“मागं बघू नगो,” बुवा म्हणाले. “ठेचकाळशील. ऐक.”

त्यानं चाल कमी केली. मग आणखी कमी केली. बुवांचं एक पाऊल म्हणजे आधी काठी, मग उजवा पाय, मग श्वास, मग डावा पाय. घंटी एकदा वाजली की बराच वेळ काही नाही. तेवढ्या चालीनं पुढं चालणं सोपं नसतं हो! मी मधे होतो, मला कळत होतं. पोटऱ्या भरून आल्या. जयसिंगच्या बनियनमधून घाम निथळत होता, आणि आम्ही शंभर पावलंही चाललो नव्हतो.

मग घंटी थांबली.

जयसिंग एक पाऊल पुढं गेला. अर्ध्यातच पाय थांबवला...

काहीच ऐकू येईना. खाली रस्त्यावर एक टेम्पो गेला, तेवढाच आवाज.

तो मला ढकलून जाळ्यांतून खाली पळाला. काट्यांनी दंड ओरबाडला, तिकडं लक्षच नाही. बुवा एका दगडावर बसले होते. घंटी मुठीत धरलेली.

“काय झालं बुवा? पाय मुरगळला?”

“न्हाई. बसलो.”

“मला वाटलं...”

“किती येळानं कळलं तुला?”

“लगेच.”

“आन् त्या दिशी?”

जयसिंग खाली मातीतच बसला.

“दुसऱ्या दिवशी. मोबाईलवर मेसेज आला तेव्हा.”

बुवा घंटीवर अंगठा फिरवत राहिले.

“खोटं बोललो, बुवा.”

आवाज इतका खाली गेला होता की मला दोन पावलं पुढं यावं लागलं.

“सोळाव्या किलोमीटरला मागून हाक आली होती. ‘सर, थोडं हळू... सर...’ बाईचा आवाज होता. दोनदा आली.”

“मग?”

“मी ऐकली.”

मला हे माहीत नव्हतं. आठवडाभर याला वाटेल ते बोललो होतो, पण हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. माझा राग एकदम गळून गेला आणि त्याच्या जागी काय आलं ते मला सांगता येत नाही. त्याची लाज मलाच वाटायला लागली. मी दुसरीकडं तोंड केलं.

जयसिंग रडला. चांगला हमसून रडला. बुवांनी त्याला रडू दिलं, पाठीवर हातबित ठेवला नाही.

मग आम्ही तिघं खाली आलो. झऱ्यापर्यंत कुणी गेलंच नाही. बुवांनी रांजणातलं पाणी काढून त्याला दिलं.

“मंदाकिनी,” बुवा म्हणाले. “पोळांची. पुलाच्या पल्याड, पिठाच्या गिरणीमागं बालवाडी चालवती. हितं तासभर बसलीवती. निशाण गेलं, बुवा, निशाण गेलं... एवढंच म्हणत व्हती.”

जयसिंगचा पेला हातातच राहिला.

“मी तिला फोन करतो.”

मला राहवलं नाही. “फोनवर काय करणार? परत हात जोडणार?”

त्यानं माझ्याकडं बघितलं आणि नजर वळवली.

“चिठ्ठी लिहितो. सगळं लिहितो, हाक ऐकली तेसुद्धा.”

बुवांनी पदक उचलून त्याच्या पिशवीत परत टाकलं आणि काठीनं पुलाच्या दिशेला खूण केली.

“तिच्याकडं जाऊ म्हणता?” जयसिंग म्हणाला. “बुवा, मी कुठल्या तोंडानं जाऊ? तिनं हाकलून दिलं तर?”

“देऊ दे.”

“दारच उघडलं नाही तर?”

“थांब.”

“बाहेर? गिरणीवर माणसं असतात, सगळं गाव बघेल. पेसर निकम बालवाडीच्या दारात उभा...”

“बघंल.”

“किती वेळ थांबू, बुवा?”

बुवांनी वाकून निशाण उचललं, घडी मोडली, आणि त्याच्या पुढ्यात धरलं.

“मला वाचाय येत न्हाई. ह्याच्यावर काय लिवलंय?”

जयसिंगला ते वाचायला वेळ लागला. भिंतभर पदकं गिऱ्हाईकांकडून घडाघडा वाचून घेणारा माणूस!

“दोन... दोन तास पंचेचाळीस मिनिटं.”

“मग या खेपंला तेवढं पुरं थांब.”